आंत्रनिर्मित मूत्राशय आणि श्वेतपर्पटी

कर्करोगामुळे मूत्राशय काढल्यावर मूत्रासाठी नवी वाट करावी लागते. १९५० मध्ये ब्रिकर यांनी मांडलेल्या पद्धतीत लघ्वंत्राच्या सुमारे १५ ते २० सें.मी. तुकड्यास दोन्ही गवीन्या जोडून त्याचे तोंड पोटावर काढतात. मूत्र बाहेरच्या पिशवीत साठते. दुसऱ्या पद्धतीत आतड्याचाच कोश शिवून तो मूळ मूत्रमार्गास जोडतात. त्यात पूर्वीसारखा मूत्रवेग जाणवत नाही. रुग्णाने घड्याळ पाहून विसर्जन करावयाचे असते.

मात्र जागा बदलली तरी आतडे आपला शोषणधर्म सोडीत नाही. कोशात थांबलेल्या मूत्रातील अमोनियम व क्लोराइड ते पुन्हा रक्तात घेते आणि रक्तातील आम्लता वाढते. मूत्रदाह म्हटला की आपला हात सवयीने श्वेतपर्पटीकडे जातो. तीत सोरा व तुरटीसह नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइडच, असतो. अशा रुग्णास ती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधालयातही शस्त्रक्रियेची चौकशी केल्याविना ती हाती ठेवू नये. मूत्रातील श्लेष्मा हा आतड्याचा स्वाभाविक स्राव होय. ज्वर वा कटिशूल नसता केवळ त्यावरून संसर्ग ठरवू नये. थकवा व अरुची दिसल्यास बल्य औषधे योजण्यापूर्वी रक्तातील बायकार्बोनेट तपासून घ्यावे. शस्त्रक्रियेस काही वर्षे लोटली असल्यास बी-१२ देखील.