विनामोबदला

जातीबाहेर लग्न ठरवलेल्या मुलीला घरात एकच प्रश्न विचारतात: तो हवा की आम्ही? या ‘आम्ही’त आईची माया, भावाचा राग, भावकीतली अब्रू आणि शेतजमीन असं सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. मी ‘तो हवा’ म्हणाले. संसार छान चालला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते त्या गाठोड्याबद्दल.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. नवरा पुण्यात नोकरीच्या ठिकाणी भेटला. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली की तीस दिवस थांबावं लागतं, आणि ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते. आमची कुणीतरी वाचली आणि गावात फोन केला. म्हणून घरी सांगायचं ते नोटीस लागण्याआधी सांगा. त्याच्याही आधी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक स्वतःजवळ आणून ठेवा. घरचे वाईट असतात असं नाही, पण रागाच्या भरात कपाटाची किल्ली कुणाकडे जाईल सांगता येत नाही.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, निरोप आला, “लग्न केलंस तर रानातलं ढेकूळसुद्धा मिळायचं नाही.”

तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. बहुतेक मुलींना वाटतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, हे 2005 च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीनं ठरवलं. महाराष्ट्रानं तर तसा कायदा 1994 मध्येच केला होता, फक्त आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. घरच्यांच्या पसंतीनं लग्न केलं तरच हक्क, अशी अट यात कुठेही नाही. ‘हिचा आमच्याशी संबंध उरलेला नाही’ अशी जाहीर नोटीस पेपरात छापून आणली तरी वडिलोपार्जित हिस्सा जात नाही.

वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं मात्र तसं नाही. ती ते मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतात. आमची बाग आजोबांच्या रानात आहे आणि विहिरीकडचा तुकडा आप्पांनी विकत घेतलेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही एकच शेत दिसतं. कोणता तुकडा कसा आला हे जुने सातबारे आणि फेरफार काढल्यावर समजतं. नवरा हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसेल तर विशेष विवाह कायद्यानं एकत्र कुटुंबातलं तुमचं स्थान बदलतं, तेव्हा लग्नाआधीच वकिलाला विचारा.

लग्नानंतर काही वर्षांनी दादाचा फोन आला. “आई सारखी तुझी आठवण काढते. एकदा हक्कसोडपत्रावर सही करून टाक, मग येणं-जाणं सुरू करू.” मला हक्कच नव्हता, तर सोडायला काय सांगत होते?

तरी गेले. बाळंतपणात आई नव्हती, बाळाला तेल लावायला शेजारच्या काकू यायच्या, आणि मी दर वेळी दाराकडे बघायचे. सहीमागचं कारण तेवढंच होतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मसुदा आयत्या वेळी हातात पडला: ‘मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला...’ पुढचं वाचून होईपर्यंत कारकून म्हणाला, “ताई, कॅमेऱ्याकडे बघा.” यंत्र अंगठा घेईना. दादानं खिशातला रुमाल पुढे केला. अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, या वेळी उमटला. बाहेर आल्यावर दादानं उसाचा रस पाजला आणि फवारणी आहे म्हणून घाईनं निघून गेला.

आई भेटली, हे खरं. पण नवऱ्याला त्या घरातून आजही बोलावणं नाही. घरात नंतर लग्न निघालं, तेव्हा पत्रिका एकट्या माझ्या नावाची आली. ‘येणं-जाणं सुरू करू’ ही अट दादाच्या तोंडी होती, कागदावर नव्हती. कागदावर होतं ते ‘विनामोबदला’.

माझ्या एका मैत्रिणीनं सही नाकारली. भाऊ बोलायचे बंद झाले, राखीपौर्णिमेला ती रडायची. पुढे रस्त्यासाठी जमीन संपादित झाली तेव्हा तिच्या संमतीवाचून मोबदला अडला, आणि भावांना तिच्या दारात यावं लागलं. नाइलाजानं आले, पण आले. तिच्या नवऱ्याच्या हातचा चहा प्यायले. माझ्या घरी दादा अजून आलेला नाही. सहीनं माणसं जवळ येतात हे मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

म्हणून मुलींनो, लग्नाचा आणि जमिनीचा निर्णय एकाच रागात किंवा एकाच मायेत घेऊ नका. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्याशी खुशाल करा. हक्क सोडायचा असेल तर तोही सोडा, दुष्काळी भागातल्या कर्जबाजारी भावासाठी सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत आणि त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण मसुदा आधी घरी मागवा, आपल्या वकिलाला दाखवा, आणि कोणत्या गटातला किती हिस्सा जातोय ते वाचा. फसवून किंवा दडपणानं सही घेतली असेल तर दस्त रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात जाता येतं, मात्र त्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत असते. सही मागायला आलेल्या भावाला सांगा, आधी जावयाला घरी जेवायला बोलव, कागदाचं नंतर बघू.