छोटी आगगाडी, मोठे गणित

विद्यार्थी मित्रहो, आगगाड्यांच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन पाहायला जाल, तेव्हा मोजपट्टी व सेकंदकाट्याचे घड्याळ बरोबर न्या. ‘एचओ’ या प्रचलित प्रमाणात प्रतिकृतीची लांबी मूळ गाडीच्या १/८७ असते. दोन रुळांमधील अंतर असते १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणल्यास सुमारे १४३५ मिलिमीटर येतात. हे झाले युरोपात रूढ असलेले माप. आपला रुंदमापी लोहमार्ग १६७६ मिलिमीटरचा, त्यासाठी १९.३ मिलिमीटर हवेत. मग तेथील भारतीय गाडी कोणत्या रुळांवर धावते? संयोजकांच्या परवानगीने मोजून पाहा.

आता वेग. प्रतिकृतीने ६ सेकंदांत १ मीटर अंतर कापले, तर खरी गाडी तेवढ्या वेळात ८७ मीटर जाईल. म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर. हुबेहूब इंजिनही कधीकधी खेळणे का वाटते, ते या मोजमापांतून उमगेल.