बाबांना आजच सांग

छोटे, तुझा फोन ठेवला तेव्हापासून मनात एकच घोळतंय. तुम्ही दोघी चिखलदऱ्याला निघालात, धामणगाव गढी मागे टाकून घाट लागला आणि क्लचची वायर तुटली. एका भल्या माणसाच्या टेम्पोत गाडी चढवून परतवाड्याला आणलीत. एवढं सगळं निभावलंस आणि रडलीस कशासाठी, तर "ताई, बाबांना कळलं तर चावी पुन्हा हातात येणार नाही" म्हणून. लपवायचं ठरवलंयस ना? नको लपवूस, बाई.

आधी गाडीचं सांगते, कारण तुझ्या हातून काही चुकलं असं तू धरून बसली आहेस. क्लचची वायर एका क्षणात तुटत नाही. लिव्हरच्या तोंडाशी, जिथे तिची घुंडी बसते, तिथे आतली एकेक तार महिनोन् महिने तुटत असते. तेवढ्या दिवसांत क्लच जड लागतो, मधेच अडकतो, कधी परत यायला वेळ लावतो. चांदूर बाजारातून परतवाड्यापर्यंत संत्र्याच्या बागांमधून जाणारा रस्ता सपाट, तिथे क्लच फारसा लागत नाही. घाटात मात्र प्रत्येक वळणाला गिअर पाडायचा, मागे मैत्रीण, पुढे एसटी, हात सारखा लिव्हरवर. आधीच झिजलेली वायर तिथेच जाणार. बाबा चालवत असते तरी तिथेच गेली असती.

आता लिव्हरजवळचं रबर मागे सारून दर महिन्याला बघत जा. एखादी तार जरी बाहेर आलेली दिसली तरी बदलायची. नवी वायर महाग नसते. लांब जायचं असेल तर एक जास्तीची सीटखाली ठेव.

चैनीकडेही लक्ष दे. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर ढकलली की साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलावी. त्याहून ढिली असेल तर चढावर दात सोडून उडते. पावसाळ्यात चिखल धुऊन तेल द्यायचं. आणि चैनीच्या लॉकची बंद बाजू नेहमी चैन जिकडे धावते तिकडे असायला हवी. मिस्त्रीने घाईत उलटं बसवलं तर तूच सांग.

उतरताना काय करायचं, ते मात्र नीट ऐक, कारण याचा मला खरंच धाक वाटतो. चिखलदरा जवळजवळ अकराशे मीटर उंचीवर. परतीला पेट्रोल वाचवायला कितीतरी जण गाडी न्यूट्रल करून, इंजिन बंद करून सोडून देतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो, लायनर धरत नाहीत आणि नेमक्या वळणावर ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच जाते. ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

बंद पडलीच तर वळणावर थांबू नकोस. सरळ रस्त्यावर, डोंगराच्या बाजूला ढकलत ने. मोबाईलला रेंज असेल तर 112 लागतो, पण मोथ्याच्या अलीकडे-पलीकडे रेंजच्या भरवशावर राहू नये. कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता पोचणार, हे घरी कुणाला तरी सांगूनच निघ. अंधाराआधी खाली यायचं. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि अस्वल-बिबट्या तर कोअर-बफर बघत बसत नाहीत.

आता बाबांचं. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. एका हिवाळ्यात बाबा बहिरमच्या यात्रेला गेले होते, मित्रांबरोबर हंडीतलं मटण आणि रोडगे खायला. येताना चैन तुटली आणि रात्री कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाडी घालून घरी आले. आईने चहा ठेवला, काका हसले आणि तो किस्सा पुढे कित्येक वर्षं दारात बसून सांगितला गेला. त्यांची चावी कुणी काढून घेतली नाही. आपली बंद पडली की मात्र "म्हनून म्हनत होतो ना तुले, पोरीनं इतक्या लांब जाऊ नोको" असं होतं. हे मला फार खुपतं, छोटे. तुटलेल्या वायरवरून पोरीची लायकी ठरवतात आणि आपणही गप्प बसून ते मान्य करतो.

शिवाय लपवलंस तर वायरचे पैसे कुठून मागणार? परतवाड्यात जोडून दिलेली जुगाड वायर तशीच चालवशील, आणि पुढच्या वेळी ती आणखी वाईट जागी जाईल. दुरुस्ती झाकली की गाडी आजारीच राहते.

म्हणून आज जेवणं झाली की सांग. "बाबा, घाटात क्लच वायर गेली, झिजली होती, नवी टाकावी लागेल, चैनही ताणायला झाली आहे." एवढंच. रडू नकोस, माफी मागू नकोस. बहिरमचा विषय त्यांनी काढला नाही तर आई काढेलच, तिला मी फोन करून ठेवते.

वायर मिस्त्रीकडून टाकून घेऊ नकोस. रविवारी मी अमरावतीहून येते, आपण दोघी अंगणात बसून बदलू, बाबांसमोरच. तुझ्या टूलकिटमधला पान्हा हरवलाय म्हणालीस ना, माझ्याकडचा आणते.