पंधरा दिवसांनी संपणारा ‘स्प्रिंट’ म्हणजे काय?

प्रश्न : माझी सून पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. रोज सव्वादहाला ‘स्टँडअप आहे’ म्हणून दार लोटून घेते, पण उभी काही राहत नाही. दर दुसऱ्या गुरुवारी ‘स्प्रिंट संपतोय’ म्हणते आणि त्या दिवशी तिला जेवणाची शुद्ध नसते. कामाच्या वेळात पत्त्यांचा पोकर खेळतात असंही म्हणाली. मला खरंच वाटेना. हे सगळं ‘ॲजाइल’ आहे म्हणे. मी बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली, आम्हाला असलं काही लागलं नाही. ही पद्धत नेमकी आहे तरी काय? आणि चांगली असेल तर पोरीला एवढा ताण का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पत्ते असतात हे खरं आहे. त्यांच्याकडे येतेच, पण आधी तुम्हाला एका दूध संकलन केंद्रावर नेते, कारण ही पद्धत मला समजली ती तिथे.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्या चौघांच्या टीमने एका सहकारी दूध संस्थेसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिलं. आधी दोन महिने सचिव आणि संचालकांबरोबर बैठका झाल्या. ते म्हणाले ते सगळं कागदावर उतरवून सह्या घेतल्या. मग सहा महिने खाली मान घालून कोडिंग आणि तपासणी. एका सोमवारी पहाटे साडेपाचला कॉम्प्युटर संकलनाच्या टेबलावर ठेवला. बाहेर किटल्या घेऊन रांग लागली होती. ऑपरेटरच्या एका हातात सॅम्पलची बाटली, दुसरा हात दुधाने ओला. आमच्या स्क्रीनवर आधी यादीतून सभासदाचं नाव निवडायचं, मग गाय की म्हैस, मग लिटर, मग फॅट, मग ‘सेव्ह’, मग ‘प्रिंट’. प्रत्येक पायरीला माउस. यादीत एकाच आडनावाचे तीस-चाळीस सभासद. ऑपरेटर सगळ्यांना नावानिशी ओळखत होता, पण नोंद करताना त्याच्या डोक्यात ‘एकशे बारा’ आणि ‘दोनशे सात’ असे क्रमांकच असायचे. वीस मिनिटांत रांग रस्त्यापर्यंत गेली. दूध न्यायला टेम्पो येऊन उभा राहिला, तेव्हा त्याने आमचा कीबोर्ड बाजूला सारला आणि वही उघडली.

आठ महिन्यांचं काम तिथेच थांबलं. संचालकांनी आम्हाला चुकीचं काही सांगितलं नव्हतं. पहाटे त्या टेबलावर बसून त्यांनी कधी नोंदी केल्या नव्हत्या, एवढंच. आणि आठ महिन्यांत एकदाही पहाटे तिथे जाऊन उभं राहावं असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोन आठवड्यांत होईल तेवढंच हाती घेतलं. सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि पावती, बस्स. माउस नाही, आकडे टाकायचे आणि एंटर दाबायचं. दर नाही, बिल नाही. तेवढंच घेऊन पुन्हा पहाटे गेलो. त्या दिवशी रांग अडली नाही, पण ऑपरेटर म्हणाला, “पावतीवरचा फॅटचा आकडा मोठा करा, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही.” पुढच्या दोन आठवड्यांत तो आकडा मोठा झाला आणि दरपत्रक आलं. त्याच्या पुढच्या दोन आठवड्यांत दहा दिवसांचं बिल. दर वेळी थोडं करायचं, जो वापरणार त्याच्या हातात द्यायचं आणि तो काय म्हणतो ते ऐकून पुढचं ठरवायचं. तुमची सून ज्याला स्प्रिंट म्हणते तो हाच.

तुमच्या बँकेला हे लागलं नाही, कारण लेजर कसं लिहायचं हे तुम्ही रुजू व्हायच्या कितीतरी आधीच ठरलेलं होतं आणि वर्षानुवर्षांच्या वापराने पक्कं झालं होतं. सॉफ्टवेअर बनवताना तसं नसतं. नेमकं काय हवंय हे मागणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं. समोर काहीतरी आल्यावरच ते कळतं.

आमची पहिली पद्धत, म्हणजे आधी सगळं लिहून घ्यायचं, मग सगळं बनवायचं, मग सगळं तपासायचं, ही ‘वॉटरफॉल’ म्हणून ओळखली जाते. धबधब्याचं पाणी मागे फिरत नाही, तसं. या पायऱ्यांचं चित्र विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याच्या 1970 सालच्या निबंधात सापडतं. त्याच निबंधात, हे असंच्या असं करणं धोक्याचं आहे असा इशाराही त्यांनी दिला होता. लोकांनी चित्र उचललं, इशारा मागेच राहिला.

आमच्या दुसऱ्या खेपेसारख्या, स्प्रिंटने चालणाऱ्या पद्धतीला ‘स्क्रम’ म्हणतात; हा शब्द तुम्ही सुनेच्या तोंडी ऐकला असेल. तो रग्बीतला आहे, आणि कामाच्या पद्धतीशी तो जोडला गेला जपानमुळे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी 1986 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी उत्पादनं लवकर कशी तयार होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तिथे काम रिलेच्या शर्यतीतल्या दांडीसारखं एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जात नव्हतं. रग्बीच्या संघासारखी सगळी माणसं चेंडू आपसात देत एकत्र पुढे सरकत होती. ही कल्पना अमेरिकेत जेफ सदरलँड यांनी 1993 साली सॉफ्टवेअरच्या कामात आणली आणि 1995 मध्ये त्यांनी व केन श्वाबर यांनी ती एका परिषदेत जाहीरपणे मांडली. ‘ॲजाइल’ हे अशा पद्धतींचं एकत्रित नाव नंतरचं. फेब्रुवारी 2001 मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरातल्या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. बदल स्वीकारणं हे ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा मोलाचं, असा त्यातला एक मुद्दा आहे. त्या पहाटेनंतर तो मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता स्टँडअप. उभं राहिलं की माणसं लांबण लावत नाहीत, म्हणून ती रीत पडली. स्क्रममध्ये या भेटीला जास्तीत जास्त पंधरा मिनिटं ठरलेली आहेत. ही भेट काम करणाऱ्यांची आपसातली असते : माझं इथे अडलंय, तू ते करत असशील तर मी थांबते, असं बोलायला. घरून काम करताना बसून केली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते साहेब मध्ये बसले आणि एकेकाने काल काय काय केलं याची हजेरी द्यायला सुरुवात झाली की. मग अडलेलं कुणी सांगत नाही.

पोकरचं नाव ‘प्लॅनिंग पोकर’. जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 साली तो सुचवला. एखादं काम किती मोठं आहे याचा अंदाज सगळ्यांनी एकाच वेळी पत्ता उलटून दाखवायचा. पत्त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे असतात. एकाच वेळी का, तर वरिष्ठाने आधी आकडा सांगितला की बाकीचे त्याच्याच आसपास घुटमळतात. मग सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा दाखवणाऱ्यांनी कारण सांगायचं. दूध संस्थेच्या कामात ‘दर बदलणे’ यासाठी मी 3 दाखवला होता. नुकत्याच लागलेल्या मुलीने 13 दाखवला. मला वाटलं, हिला काम कळलेलंच नाही. ती म्हणाली, “दर मागच्या तारखेपासून बदलला तर? आणि दिवाळीला संस्था फरक देते, तो कुठल्या दराने काढायचा?” तिचे वडील दूध घालायचे. माझी कितीतरी बिलं चुकली असती. या खेळावर माझा विश्वास आहे तो त्या एका पत्त्यामुळे.

पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाची मुळंही इथेच आहेत. हे आकडे, म्हणजे ‘पॉइंट’, अंदाजासाठी होते. अनेक ठिकाणी ते माणसं मोजायची फूटपट्टी झाले. मागच्या स्प्रिंटला चाळीस पॉइंट झाले, आता पन्नास करा; शेजारच्या टीमचे साठ होतात, तुमचे का नाहीत? मग काल जे काम 3 चं होतं ते आज 5 चं होतं, आलेख वर चढतो आणि काम तेवढंच राहतं. स्नोबर्डच्या सतरा जणांपैकी रॉन जेफ्रीज यांनी पुढे स्वतः लिहिलं आहे, की हे पॉइंट बहुधा आपणच काढले असावेत आणि आता त्याबद्दल खेद वाटतो. एवढ्या मोकळेपणाने असं लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

शेवटच्या दिवसाच्या घाईत कोड कसातरी जुळवून पुढे ढकलला जातो. स्नोबर्डच्या सतरा जणांपैकीच वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1992 मध्ये अशा कामाला कर्जाची उपमा दिली होती. बँकेत आयुष्य गेलेल्या तुम्हाला मी काय सांगणार. पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी त्याचं व्याज भरावं लागतं आणि पुढचा गुरुवार आणखी जड जातो.

म्हणून, हा ताण पद्धतीचाच भाग आहे असं सुनेला कुणी सांगत असेल तर तिने ते मानू नये. स्नोबर्डच्या जाहीरनाम्यासोबतच्या बारा तत्त्वांपैकी एक असं आहे, की कामाचा वेग कायम टिकवता येईल असाच असावा. त्या सतरा जणांपैकीच केंट बेक यांनी 1999 च्या पुस्तकात आठवड्याला चाळीस तासांचं काम हा आपल्या पद्धतीचा एक नियमच घातला होता. आणि स्क्रमनुसार एका स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं हे ते काम करणारे ठरवतात.

प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ नावाची एक बैठक असते. आपण काम कसं केलं, काय बदलायला हवं, हे बोलायचीच ती जागा आहे. दर दुसऱ्या गुरुवारी जेवण चुकतं हा विषय तिथे मांडण्याजोगा आहे, आणि पुढच्या वेळी एखादं काम कमी घेऊ असं सुचवण्याजोगंही. एकटीने बोलणं जड जातं. आदल्या दिवशी टीममधल्या दोघी-तिघींशी तिने बोलून ठेवावं, म्हणजे त्यांच्यापैकी कुणीतरी “हो, माझंही तसंच होतं” म्हणेल.