डीएनएचे सूक्ष्मतंत्र आणि वैद्यक : सिद्ध किती, बाकी किती?

डीएनए म्हटले की आपल्याला आनुवंशिकता आठवते. परंतु गेल्या चाळीस वर्षांत शास्त्रज्ञांनी याच रेणूचा बांधकामाचे साहित्य म्हणून उपयोग करून पाहिला आहे. त्याची ओळख आपण येथे करून घेऊ.

डीएनएच्या दोन धाग्यांत अ‍ॅडेनाईनसमोर थायमिन व ग्वानिनसमोर सायटोसिन बसते. म्हणून ठरावीक क्रमाचे धागे तयार केले, तर कोणता धागा कोठे जुळेल हे आधीच ठरविता येते. या दुहेरी धाग्याची जाडी सुमारे २ नॅनोमीटर असते. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

अमेरिकेतील नेड्रियन सीमन यांनी १९८२ साली ही कल्पना मांडली आणि १९९१ साली डीएनएचा घन तयार झाला. २००६ साली पॉल रोथमंड यांनी विषाणूचा सुमारे ७ हजार घटकांचा लांब धागा घेतला व दोनशेहून अधिक आखूड धाग्यांनी टाके घालावेत तसा तो दुमडून हव्या त्या आकृती घडविल्या. त्यांत एक हसरा चेहराही होता. कागदाच्या घडीकामावरून या पद्धतीला ‘डीएनए ओरिगामी’ म्हणतात.

वैद्यकात याचा उपयोग काय? २००९ साली बंगलोर येथे यमुना कृष्णन व सहकाऱ्यांनी जिवंत पेशीतील आम्लता दाखविणारे डीएनएचे साधन तयार केले. भारतीय प्रयोगशाळेतील हे काम आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. २०१८ साली चिनी व अमेरिकी शास्त्रज्ञांनी डीएनएच्या गुंडाळीत रक्त गोठविणारे थ्रॉम्बिन ठेवून ती उंदरांना टोचली. कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्यांशी पोहोचल्यावरच ती उघडली, तेथील रक्त गोठले आणि गाठीचे पोषण तुटले.

मात्र हा प्रयोग उंदरांवरचा होता. मानवी शरीरातील विकरे डीएनए तोडतात, प्रतिकारशक्ती त्याला परके समजू शकते, आणि मोठ्या प्रमाणावर निर्मितीचा खर्चही अधिक आहे. असे घडीव डीएनएचे औषध अद्याप रुग्णालयातील नेहमीच्या उपचारात आलेले नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. घरात कर्करोगाचा रुग्ण असला की ‘नॅनो’ नावाची कोणतीही जाहिरात आपल्याला आशा दाखविते. आपण दागिने गहाण ठेवतो आणि चालू उपचार सोडतो. ऐकीव गोष्टीवर, केवळ कोणी मोठा सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. तीच कसोटी येथे लावावी. प्रयोग कोणावर झाला? किती जणांवर? मान्यता कोणी दिली? एवढे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारण्यास आपण संकोचू नये.

पूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखविला. त्या मार्गाने जाऊन आपल्या मुलामुलींनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र मन लावून शिकावे. उद्याच्या प्रयोगशाळेत प्रश्न विचारणारे आणि उत्तर शोधणारेही आपल्यातून निघावेत, हीच मंगल कामना.