पिशवीच्या ऑपरेशननंतर अंगात काय काय जाणवतं?



दरवेळी या पानावर मी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी अशा विषयांवर लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे. शेतकी खात्याच्या माणसानं बायकांच्या दुखण्यावर कशाला लिहायचं, असं काहीजण म्हणतील. पण गेल्या गाळप हंगामात एका सभासदाच्या फडात जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसवेना.

टोळी आपल्याच जत तालुक्याच्या पूर्व भागातली होती. एक बाई बांधावर ओटीपोट धरून बसलेली. वय तिशीच्या आतबाहेर. चिटबॉयला विचारलं तर म्हणाला, "सायेब, तिची पिशवी काढलीया, तीन आठवडं झालं." मी तिला म्हणालो, मग कामाला कशाला आलीस ताई? ती म्हणाली, "टाकं वाळल्यात की. पर आत काय काय हुतंय, कळंना झालंय. कुणाला सांगायचं?"

हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात उभा राहिला होता. माझ्या थोरल्या वहिनींच्या गर्भाशयात गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, रक्त कमी झालं होतं. ऑपरेशन गरजेचंच होतं आणि ते नीट झालं. पण घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी आणि "जड उचलू नका" एवढंच सांगितलं गेलं. पाचव्या आठवड्यात वहिनी रात्री घाबऱ्या होऊन उठल्या. म्हणाल्या, "पोटात मूल फिरतंय तसं फिरतंय." आईला वाटलं आत कापूस राहिला. शेजारच्या म्हातारीनं बाहेरचं काही असेल म्हणून देवऋष्याचं नाव काढलं. सकाळी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शांतपणे समजावलं. त्यांनी सांगितलेलं आणि नंतर विचारून-वाचून कळलेलं इथं मांडतो.

आपल्याला कळेल असं सांगायचं तर खोडव्याचं उदाहरण घ्या. बगला फोडल्या की जुन्या मुळ्या तुटतात. वरून बुडखा तसाच दिसतो, पण जमिनीखाली नवी मुळी धरायला दिवस लागतात. शरीराचंही तसंच आहे. कातडीवरचा टाका दहा-पंधरा दिवसांत वाळतो. आतली शिवण मात्र भरून यायला सहा ते आठ आठवडे, काहींना तीन महिनेसुद्धा लागतात. बाहेरचा टाका बघून "बरी झाली" म्हणणं म्हणजे बुडखा बघून उतारा सांगणं.

वहिनींना जे फिरल्यासारखं वाटलं ती आतडी होती. पिशवी काढल्यावर तिथली जागा आतडी भरून काढतात. ऑपरेशनमुळे मंदावलेली आतडी पुन्हा चालू लागली की गुरगुर, सरकल्यासारखं, कधी पोकळ वाटणं, असं होतं. भिण्याचं कारण नसतं.

टाक्याच्या खालची कातडी बधिर होते. बोट लावलं तर दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखं वाटतं. कापताना बारीक नसा तुटलेल्या असतात. त्या पुन्हा जुळू लागल्या की मुंग्या, खाज, मधूनच विजेचा झटका बसावा तशी चमक येते. हे महिनोन् महिने चालतं, थोडा बधिरपणा कायमही राहतो. इथं एक गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे. अशा जागी गरम विटेचा किंवा तव्यावरच्या फडक्याचा शेक देऊ नका. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच ध्यानात येतं. परकराची नाडीही टाक्यावर करकचून बांधू नये.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर पहिले दोन-चार दिवस खांदा दुखतो. पोट कापलं आणि खांदा का दुखतो, असं बायका विचारतात. पोटात भरलेला गॅस थोडा राहतो आणि छातीखालच्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकाच मुळातली, म्हणून दुखणं खांद्याला कळतं. थोडं हिंडल्या-फिरल्यावर ते जातं.

अंगावरून थोडं लालसर, तपकिरी जाणं सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतले टाके विरघळताना ते एखाद-दोन दिवस वाढल्यासारखं वाटतं, दोऱ्याचा तुकडाही पडतो. उठताना एका बाजूला ओढ बसते. म्हणून सरळ उठू नये, कुशीवर वळून हाताच्या टेक्यानं उठावं. खोकला किंवा ठसका आला तर पोटावर उशी दाबून धरावी. चुलीच्या धुरापुढं या दिवसांत तिला बसवू नये, ते याच्यासाठी.

आता जी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही ती. पिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशय असतात. ते ठेवले की काढले, हे प्रत्येक घरानं डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. ठेवले असतील तर पाळी येत नाही, पण महिन्याच्या महिन्याला छाती जड होणं, कंबर भरून येणं, चिडचिड होणं चालू राहू शकतं. "पिशवी नाही तर पाळीची कळ कशी?" म्हणून बाई चक्रावते. दोन्ही काढले असतील तर पाळी जायचा काळ चार दिवसांत अंगावर येऊन पडतो. एकदम अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं चोळी भिजते, झोप उडते, रडू येतं. याला नाटक म्हणू नका. तरुण वयात असं झालं तर पुढं हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. त्यावर उपचार आहेत, ते डॉक्टरांकडूनच घ्यावे लागतात.

नवरा-बायकोचा संबंध डॉक्टर तपासून परवानगी देईपर्यंत नको. साधारण दोन महिने धरा. पुढं मात्र "बाईपण गेलं" वगैरे जे बोललं जातं ते खोटं आहे.

पुढची लक्षणं दिसली तर घरात थांबू नका. ताप किंवा थंडी वाजणं. तासाभरात घडी भिजेल असं रक्त, गाठी, किंवा घाण वास. टाक्यातून पू. लघवी आपोआप गळणं, अडणं किंवा जळजळणं. पोट फुगून ओकाऱ्या होणं आणि वाराही न सरणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अचानक दम लागणं, छातीत दुखणं. पायात गुठळी होऊन ती छातीकडे गेल्याची ही खूण असू शकते. 108 ला फोन करा.

हे आपल्या कारखान्याच्या पानावर लिहायचं आणखी एक कारण आहे. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशाच्या पाहणीत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं यावर आधी गोळ्या-औषधं असतात, पण पुष्कळ जणींना कॅन्सरची भीती घालून थेट टेबलावर घेतलं गेलं. पाळीचा खाडा नको, खाड्याचा दंड नको, हेही त्यात होतं. पुढं 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं गरज नसलेल्या अशा ऑपरेशनांना आळा घालण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. तेव्हा चाळिशीच्या आतल्या बाईला कुणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात, दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

आपला ऊस या बायकांच्या डोक्यावरून गाडीत चढतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना ओटीपोटावर जो ताण येतो, त्यानं आतली शिवण उसवू शकते. भरलेली कळशीसुद्धा दीड-दोन महिने नको, तिथं मोळीचं काय बोलायचं? उचल अंगावर असते, निम्म्या कोयत्यानं ती फिटत नाही, हे मला कळतं. पण सभासदांनी मुकादमाशी चार शब्द बोलले तर फरक पडतो. त्या फडात आम्ही बोललो. मालकानं खुशालीच्या पैशातून थोडी भर घातली, खाडा धरला नाही आणि ती बाई महिनाभर कोपीवरच थांबली. घरच्या सुनेला आपण विश्रांती देतो का, हेही ज्याचं त्यानं बघावं. दोन आठवड्यांत धारा काढायला बसवलेल्या सुना मी आपल्याच गावांत पाहिल्यात.

जाता जाता एक. काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात, तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो आणायला बरेचजण परत जातच नाहीत. तो आणा, डॉक्टरांना दाखवा आणि घरी सोडतानाच्या कागदासोबत जपून ठेवा. अंडाशय ठेवले की काढले, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं.