बाल न्याय आणि जिल्हाधिकारी
जिल्हाधिकारी म्हटले की आपल्यापुढे महसूल आणि धानाची पैसेवारी उभी राहते. परंतु २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार बालकल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावा त्यांनीच घ्यावयाचा असतो. समितीविषयी तक्रार असल्यास बालकाचा आप्तही त्यांच्याकडे दाद मागू शकतो. देवरी-सालेकसाकडील मजूर आईबापांना हे कोणी सांगितले आहे काय? आम्हांस शंका आहे. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या मुलास कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. शासकीय भाषेत तो गुन्हेगार नव्हे, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होय. शब्द अवघड खरा. पण गावाने एकदा ‘चोर’ म्हटलेले पोर वसतिगृहात मान वर करून जेवत नाही, हे आम्ही पाहिले आहे.